हिवाळ्यात उघड्या पठारावरचा मुक्काम: रायरेश्वरच्या निमित्ताने

डिसेंबर लागला की पुण्यातल्या वर्तमानपत्रांत रोज किमान तापमानाची चौकट छापून येते. तिच्याकडे नीट पाहिलं तर मुक्कामाचा पहिला धडा तिथेच सापडतो. एकाच रात्री पाषाण, एनडीए, शिवाजीनगर गारठलेले असतात आणि मगरपट्टा कितीतरी उबदार असतो. महाबळेश्वरचंही तसंच. दवबिंदू गोठल्याचे फोटो उंचावरच्या पॉइंटचे नसतात, ते वेण्णा तलावाच्या काठचे असतात. रात्री उघडी जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन सखल जागी साचते. उंची वाढली की थंडी वाढते हे खरं, पण रात्री थंडी खळग्यात राहते.

उघड्या पठारावर झोपायला जाणाऱ्याला एवढं समजलं तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे उजेड असताना तिथे पोचणं आणि झोपायची जागा डोळ्यांनी पाहून ठरवणं. महागडी स्लीपिंग बॅग घेऊन चुकीच्या जागी कुडकुडणारे आणि एका घोंगडीत गाढ झोपलेले, असे दोन्ही लोक मी एकाच पठारावर पाहिले आहेत.

हे सगळं मी भोर तालुक्यातलं रायरेश्वर डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. १,३०० मीटरपेक्षा उंच, कित्येक किलोमीटर लांब पसरलेलं हे पठार पुणेकरांना जवळचं आहे आणि तिथे माणसं राहतात. पहिल्या मुक्कामाला वस्ती असलेलं पठारच निवडा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आधी परवानगी

सह्याद्रीतली पठारं मोकळी दिसतात, पण बेवारस नसतात. काही तुकडा मालकीचा, काही गायरान, बराचसा वनखात्याचा. अभयारण्यात शिरायलाच वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे परवानगी लागते, त्यामुळे ताम्हिणी किंवा भीमाशंकरच्या जंगलात मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही. राखीव वनात आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. सिंहगडावर संध्याकाळनंतर थांबता येत नाही, आणि इतर संरक्षित किल्ल्यांवरही मुक्कामाचे निर्बंध असतात. म्हणून जायच्या आठवड्यात तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावरही चौकशी करता येते. नियम बदलत राहतात. मागच्या वर्षी कुणीतरी राहिलं होतं, हा काही आधार नव्हे.

पठारावर पोचल्यावर दुसरी परवानगी वस्तीची. रायरेश्वरावर देवळाची सेवा करणारी जंगम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सॅक उतरवायच्या आधी घरापाशी जा, पाणी मागा, बसा आणि विचारा, "काका, आज रात्री इथे कुठे तंबू लावला तर चालेल?" धनगरवाडा असेल तर "मामा" म्हणायचं. जेवण त्यांच्याकडेच सांगितलं तर उत्तमच. पिठलं-भाकरीचे पैसे विचारून, घासाघीस न करता द्या. या दोन वाक्यांच्या बोलण्यातून जे कळतं ते कुठल्याही नकाशात नसतं. मला एकदा एका आजींनी सांगितलं होतं, "तिकडं कडंला नगा जाऊ पोरांनो, रातच्याला वारं लई सुटतंय." त्या रात्री बाराच्या पुढे कड्याकडून जो आवाज येत होता, तो ऐकून आम्ही मनोमन त्यांच्या पाया पडलो.

१६४५ साली शिवरायांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली ती इथल्या रायरेश्वराच्या देवळात, असं परंपरा सांगते. देवळाच्या आसपास स्पीकर, दारू, आरडाओरडा नको. हे वेगळं सांगायला लागू नये, पण लागतं.

तारीख कशी ठरवायची

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस चांगले. सगळ्यात गार रात्र आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असताना येते. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली, येऊन गेला, हिमालयात बर्फ पडलं, की दोन-तीन दिवसांत उत्तरेचे कोरडे वारे आपल्याकडे पोचतात आणि पारा उतरतो. अशा बातम्या वाचल्यात तर एक थर जास्त घ्या. पुण्याचा आजवरचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा आहे, १.७ अंश. एवढी थंडी आता क्वचितच पडते, पण पठारावरच्या खोलगट जागी पाच-सहा अंशांची तयारी ठेवूनच जावं.

उलट अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन अवकाळी पावसाचा इशारा असेल, तर मुक्काम पुढे ढकला. ढगाळ रात्र उबदार असते हे खरं, पण उघड्या पठारावर विजेसमोर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाश जन्मभर लक्षात राहील. मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध हे सगळं संध्याकाळपासून पूर्वेकडून वर चढत असतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून येणारा उल्कावर्षाव असतो. पहिलाच मुक्काम असेल तर मात्र पौर्णिमेच्या जवळची तारीख घ्या. हिवाळ्यातला पूर्ण चंद्र डोक्यावरून जातो आणि पठारावर टॉर्चशिवाय चालता येईल एवढा उजेड पडतो.

सॅकमध्ये काय

अंगावरच्या कपड्यांचं सूत्र साधं आहे. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब भराभर ओढून घेतं. चढताना पातळ सिंथेटिक टी-शर्ट, वर पोचल्यावर कोरडा बदल, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात बाहेर वारा अडवणारं जॅकेट. जीन्स घरी ठेवा. दव पडल्यावर ती रात्रभर वाळत नाही. कानटोपी आणि लोकरीचे मोजे हवेतच. शिवाय झोपायचे कपडे वेगळे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे आणि झोपायच्या क्षणापर्यंत उघडायचेच नाहीत.

स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, एक आरामाचा आणि एक मर्यादेचा. दुकानदार बहुतेक वेळा मर्यादेचा आकडा सांगतो. त्या तापमानाला माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो, निवांत झोपत नाही. आरामाचा आकडा पाच अंशांच्या आसपास असेल ती बॅग आपल्या सह्याद्रीला पुरते. भाड्याने घेत असाल तर चेन ओढून बघा आणि आतलं भरण गोळा झालेलं नाही ना, हे हाताने चाचपून बघा.

आता मॅट. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण थंडीने जागी राहिलेली बहुतेक माणसं वरून नाही, खालून गारठलेली असतात. आपल्या वजनाखाली बॅगचं भरण चेपतं, त्यातली हवा निघून जाते आणि पाठीखाली फक्त दोन कापडं उरतात. त्याखाली कातळ असतो, आणि दिवसभर तापलेला कातळ पहाटेपर्यंत सगळी ऊब देऊन बसलेला असतो. म्हणून किमान एक जाड फोमची मॅट, शक्य तर दोन. योगा मॅट एकटी पुरत नाही, दुसरा थर म्हणून चालते. तंबूखाली जुना फ्लेक्स अंथरा. तो ओल अडवतो आणि काट्यांपासून तळ वाचवतो. घरात घोंगडी असेल तर तीही घ्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी टोचते आणि जड असते, पण दमट झाली तरी ऊब देत राहते. ती पांघरण्यापेक्षा खाली अंथरली तर जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

बाकीचं पटकन सांगतो. प्रत्येकाला स्वतंत्र हेडटॉर्च आणि जादा सेल. माणशी चार लिटर पाणी मावेल एवढ्या बाटल्या, त्यातली एक स्टीलची. दहा मीटर नायलॉन दोरी. शिट्टी. प्रथमोपचाराची पेटी. कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या.

चारच्या आत वर

डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जानेवारीत तो सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे रात्र तेरा तासांची. दुपारी चारपर्यंत पठारावर असाल तर जागा शोधायला दोन तास मिळतात.

पुण्याहून कात्रज, कापूरहोळ, भोर, आंबवडे असं करत कोर्ल्याच्या बाजूने वर जायचं. रस्ता आता केंजळगड आणि रायरेश्वरामधल्या खिंडीपर्यंत जातो, तिथून लोखंडी शिडीने पठारावर. एसटीने जाणार असाल तर स्वारगेटहून भोर आणि पुढची गाडी यांची वेळ आधी विचारून घ्या. शेवटची गाडी चुकली की पुढचं सगळं वेळापत्रक अंधारात ढकललं जातं.

वर पोचलात की सॅक ठेवून अर्धा तास मोकळे फिरा. बघायचं ते असं.

सगळ्यात आधी सखल जागा ओळखा आणि बाद करा. गवत दाट आणि लुसलुशीत दिसतं, जमीन सपाट आणि मऊ असते, तंबूला अगदी आमंत्रण देणारी. पावसाळ्यात तिथेच पाणी साचतं आणि हिवाळ्यात तिथेच गार हवा. दवही तिथेच सगळ्यात जास्त पडतं. तिथून दहा-पंधरा मीटर उंचीवर सरकलात तरी पहाटे फरक जाणवतो.

मग कडा. नजारा तिथला असतो हे मान्य. समोर केंजळगड, तोरणा, राजगड दिसत असतात आणि फोटो कड्यावरच चांगला येतो. फोटो काढा आणि मागे फिरा. कड्यापासून निदान शंभर पावलं आत तंबू असावा. रात्री लघवीला उठलेला, अर्धवट झोपेतला, धुक्यात सापडलेला माणूस कड्यापासून लांब असायला हवा. कड्यांवर आग्या मोहोळंही असतात, धूर आणि गडबड त्यांना चालत नाही.

राहिला उंचवटा. त्याच्या माथ्यावर वारा, पायथ्याशी गारवा. म्हणून कुशीतली जागा घ्यायची. हिवाळ्यात रात्रीचा वारा आपल्याकडे बहुधा पूर्व-ईशान्येकडून येतो, तेव्हा उंचवट्याची पश्चिम किंवा नैर्ऋत्य बाजू आडोशाची. इथे एक पेच असतो, कारण पूर्वेकडे तोंड केलं तर सकाळचं ऊन लवकर मिळतं. मी दर वेळी आडोसाच निवडतो. ऊन शोधत सकाळी पन्नास पावलं चालता येतं. वारा लागायला लागल्यावर रात्री दोन वाजता तंबू हलवता येत नाही.

कारवीची किंवा करवंदीची जाळी वाऱ्याच्या बाजूला असेल तर फारच छान, फक्त अगदी चिकटून नको. गुरांची पायवाट, पाणवठ्याची वाट आणि पाणवठ्याचा काठ सोडून द्या, रात्री तिथे जनावरांची ये-जा असते.

तंबू बांधताना

पठारावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी वीतभरही नसतो. खुंटी दोन इंच जाते आणि कातळाला लागून वाकते. म्हणून स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू घ्यावा आणि दोऱ्या दगडांना बांधाव्यात. दोरी एका लहान दगडाला गुंडाळा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा जड दगड ठेवा. दोरी ताणली गेली की लहान दगड मोठ्यात अडकतो आणि पकड घट्ट होते. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे. दार वाऱ्याच्या विरुद्ध. फ्लेक्सच्या कडा तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर दव त्यावरून ओघळून बरोबर पाठीखाली येतं.

दगड उचलताना आधी पायाने उलटा, मग हात लावा. दगडाखाली विंचू असतो. हिवाळ्यात साप सुस्तावतात, पण लाल विंचवाचा भरवसा नाही. देवळाचे, समाधीचे, वीरगळांचे, जुन्या जोत्याचे दगड अजिबात उचलायचे नाहीत.

चूल आणि जेवण

डिसेंबरपासून पठारावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. एक ठिणगी पुरते. वणवा लागला की गुरांचा चारा जातो, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची जागा जाते, आणि वस्तीतल्या माणसांना रात्रभर हिरव्या फांद्या घेऊन झोडपत धावावं लागतं. शेकोटीचा मोह मलाही होतो, पण उघड्या पठारावर मी ती पेटवत नाही. वस्तीतल्या अंगणात चूल पेटलेली असते, तिथे बसायला बोलावतात, आणि गप्पाही तिथेच रंगतात.

स्टोव्ह उघड्या कातळावर, भोवतीचं गवत बाजूला करून, शेजारी पाण्याची बाटली ठेवून लावा. छोट्या डब्यातला गॅस बहुतेक ब्युटेन असतो. त्याचा उत्कलनबिंदू शून्याच्या किंचित खाली असल्याने पाच-सहा अंशांत ज्योत मरगळते. डबा तासभर जॅकेटच्या आत ठेवला की ती सुधारते. डब्याला बाहेरून आच कधीही देऊ नका. या उंचीवर पाणी साधारण साडेपंचाण्णव अंशांना उकळतं, त्यामुळे डाळ घरी भिजवून आणा किंवा खिचडीला वेळ जास्त धरा.

तंबूच्या आत स्टोव्ह नको, कोळशाची शेगडी नको, निखाऱ्यांची घमेली तर मुळीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला त्यातून जाग येत नाही.

जेवणात तेल-तूप थोडं सढळ असू द्या. झोपायच्या आधी गूळ-शेंगदाणे किंवा शेंगदाण्याचा लाडू खाल्ला की अंग मध्यरात्रीपर्यंत आतून तापलेलं राहतं.

झोपताना

उभ्याने दहा उठाबशा काढा, अंग गरम करा आणि मग बॅगेत शिरा. स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही, तुमची ऊब धरून ठेवते, त्यामुळे गारठून आत शिरलात तर तासभर गारच राहाल. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. लघवी लागली असेल तर उठा. ती धरून पडून राहिलं की झोपही लागत नाही आणि ऊबही वाटत नाही. बाहेर पडताना तंबूत एक मंद दिवा लावून ठेवा. पठारावर धुकं उतरलं तर वीस पावलांवरचा तंबू दिसेनासा होतो.

तंबूच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं तर रात्रभराच्या श्वासातलं बाष्प आतल्या कापडावर जमतं आणि पहाटे थेंब थेंब तोंडावर पडतं. तोंड बॅगेच्या आत घेऊन श्वास सोडण्याचाही हाच परिणाम. नाक बाहेर, कान टोपीत. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकूनच घाला. खाण्याचे डबे बंद करून आत घ्या, आणि खरकटं तंबूपासून लांब ठेवा.

बिघडलं तर

आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून हायपोथर्मिया, म्हणजे थंडीने शरीराचं तापमान धोकादायक उतरणं, होत नाही, हा गैरसमज आहे. ओले कपडे, वारा, थकवा आणि आठ-दहा अंश तापमान एवढं पुरतं. बोबडी वळणं, जिभेवर शब्द अडखळणं, चेन लावता न येणं, उगाच चिडचिड ही सुरुवात. कुडकुडणं थांबलं आणि माणूस गप्प झाला तर ती सुधारणा समजू नका, ते धोक्याचं लक्षण आहे. ओले कपडे काढा, कोरडे घाला, खाली दोन मॅट, वर सगळ्यांची पांघरुणं, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. जवळच्या घरात न्या आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.

विंचू चावला तर वेळ घालवू नका, भोरच्या सरकारी रुग्णालयाकडे निघा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगासमोर आणला, तेव्हापासून वेळेत पोचलेली माणसं वाचतात. मंत्रतंत्रात गेलेला तास परत मिळत नाही.

गडगडायला लागलं तर तंबू सोडा आणि वस्तीतल्या पक्क्या घरात जा. त्या वेळी लोखंडी शिडी उतरायला धावू नका. मोबाइलला रेंज कुठे मिळते ते दुपारीच बघून ठेवलेलं असावं. ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक पाठ हवा.

सकाळी

पहाटे पाच ते सात हा सगळ्यात गार काळ. जाग आली असेल तर पडून कुढण्यापेक्षा उठा, चहा टाका, चालत पूर्वेच्या कडेला जा. खाली दरीत धुकं साचलेलं असतं आणि त्यातून गडांचे माथे वर आलेले असतात.

शौचाला पाणवठ्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब, माती खोल असेल तिथे वीतभर खड्डा करून, वर माती ओढून. टिशू आणि सॅनिटरी नॅपकिन पिशवीत घालून परत आणायचे. भांडी टाक्यात किंवा झऱ्यात बुडवू नका. रायरेश्वरावरचं गोमुखाचं पाणी लोक पितात.

तंबू आवरल्यावर दगड जिथून उचलले तिथे, ज्या कुशीवर होते त्याच कुशीवर ठेवा. त्यांच्याखाली कुणाचं तरी घर असतं. चेपलेलं गवत हाताने उभं करा. वस्तीवर जाऊन निघतो म्हणून सांगा, राहिलेलं तांदूळ-साखर देऊन या, आपला कचरा मात्र त्यांच्याकडे ठेवू नका.

घरी आल्यावर तंबू आणि बॅग लगेच गच्चीवर वाळत घाला. कोरडी वाटली तरी शिवणींत दव राहिलेलं असतं, आणि तशीच गुंडाळून माळ्यावर टाकली तर पुढच्या नोव्हेंबरात बुरशीच्या वासानेच ती बाहेर येते.